राजा नसलेल्या देशातला राजद्रोह

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची कथा शालेय पुस्तकांपासून सर्वांच्या परिचयाची आहे. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, इंग्रजांचा पराभव झाला, १७८७ साली फिलाडेल्फियात संविधान लिहिले गेले आणि १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला. पाठ्यपुस्तकातील कथा बहुधा येथेच संपते.

परंतु स्वातंत्र्यप्राप्ती हा राष्ट्रजीवनाचा केवळ पहिला अध्याय असतो. मिळालेली सत्ता स्वकीयांवर कशी चालवायची, आणि त्याहूनही कठीण म्हणजे ती न आवडणाऱ्या स्वकीयांच्या हाती कशी सोपवायची, हा दुसरा अध्याय. अमेरिकेचा हा दुसरा अध्याय १७८९ ते १८०१ या बारा वर्षांत लिहिला गेला. तो पहिल्याइतका उज्ज्वल नाही. खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे या काळात एकमेकांना देशद्रोही म्हणू लागली. अध्यक्षांवर टीका केली म्हणून लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी तुरुंगात गेला. निवडणुकीचा निकाल अडला तेव्हा शस्त्रे उचलण्याची भाषा झाली. आणि तरीही ४ मार्च १८०१ रोजी सत्ता एका पक्षाकडून त्याच्या कट्टर विरोधकांकडे रक्ताचा थेंब न सांडता गेली. हे कसे घडले, हा आजचा विषय आहे.

पक्ष नको म्हणणाऱ्यांचे दोन पक्ष

अमेरिकेच्या मूळ संविधानात राजकीय पक्षाचा उल्लेख नाही. संविधानकर्त्यांच्या लेखी पक्ष म्हणजे गट, आणि गट म्हणजे समाजशरीराला जडलेला रोग. अध्यक्षाच्या निवडीची पद्धतही त्याच समजुतीवर आधारलेली होती. प्रत्येक निर्वाचकाने दोन मते द्यावीत. पुरेशा बहुमतासह ज्याला सर्वाधिक मते पडतील तो अध्यक्ष, त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष. देशातील दोन सर्वोत्तम माणसे अशा रीतीने सर्वोच्च पदांवर येतील आणि मिळून कारभार करतील, ही अपेक्षा. ती दोन माणसे परस्परांची वैरी असतील, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

वॉशिंग्टनने आपल्या मंत्रिमंडळात दोन असामान्य बुद्धीच्या व्यक्ती घेतल्या. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन हा कॅरिबियन बेटांवर जन्मलेला, लहानपणीच आईचे छत्र हरपलेला, स्वतःच्या कर्तृत्वाने वर आलेला. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन हा व्हर्जिनियाचा मोठा जमीनदार आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. हॅमिल्टनने १७९० साली योजना मांडली की युद्धकाळात राज्यांनी काढलेले कर्ज केंद्राने आपल्या शिरावर घ्यावे. पाठोपाठ १७९१ साली एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक उभी राहिली आणि दारूवर अबकारी कर बसला. सावकारांचा विश्वास आणि समर्थ केंद्रसत्ता यांखेरीज हे नवजात राष्ट्र टिकणार नाही, अशी त्याची धारणा होती. जेफरसनला यात इंग्लंडची नक्कल दिसली. आज बँक आणि सावकार, उद्या खडे सैन्य, परवा राजा, हा क्रम त्याच्या मनाने घेतला.

कर्जाच्या प्रश्नावर १७९० साली तडजोड झाली. कर्ज केंद्राकडे गेले आणि त्या बदल्यात नवी राजधानी दक्षिणेला, पोटोमॅक नदीच्या काठी नेण्याचे ठरले. परंतु मने जुळली नाहीत. दोन्ही बाजूंची वृत्तपत्रे निघाली. हॅमिल्टनच्या बाजूचे पत्र सरकारी छपाईच्या कामावर पोसले जात होते, तर विरोधी पत्राच्या संपादकाला जेफरसनने आपल्याच खात्यात वर्षाला २५० डॉलर वेतनाची भाषांतरकाराची नोकरी दिली होती. एकाच मंत्रिमंडळातील दोन मंत्री वृत्तपत्रांतून एकमेकांवर वार करीत होते. १७९२ साली वॉशिंग्टनने दोघांनाही स्वतंत्र पत्रे लिहून विनविले. उपयोग झाला नाही. १७९३ अखेर जेफरसनने मंत्रिपद सोडले, १७९५च्या आरंभी हॅमिल्टनने.

तोवर फ्रान्समधील राज्यक्रांतीने या भांडणात तेल ओतले होते. फ्रान्सचा राजा १७९३ साली गिलोटिनखाली गेला आणि फ्रान्स-इंग्लंड युद्ध पेटले. हॅमिल्टनच्या गटाला फ्रान्समध्ये अराजक दिसत होते, जेफरसनच्या गटाला स्वातंत्र्याचे दुसरे घर. इंग्लंडशी जॉन जे याने केलेला तह १७९५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा गावोगावी त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. हॅमिल्टनचा गट फेडरलिस्ट म्हणून ओळखला जाऊ लागला, जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांचा गट रिपब्लिकन म्हणून. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही. तो पक्ष १८५४ साली जन्मला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या चिंता खऱ्या होत्या. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी १७९४ साली दारूवरील कराविरुद्ध बंड केले, तेव्हा वॉशिंग्टनला सुमारे तेरा हजारांची फौज उभी करावी लागली. अराजकाची भीती काल्पनिक नव्हती. सत्ता एका हाती एकवटण्याची भीतीही काल्पनिक नव्हती. चूक चिंतेत नव्हती, तर्कात होती. राष्ट्र एक आहे म्हणजे राष्ट्रहितही एकच आहे. ते आपल्याला दिसते. मग ज्याला ते दिसत नाही तो एकतर मूर्ख, नाहीतर परक्यांना विकला गेलेला. या तर्कात तिसऱ्या शक्यतेला, म्हणजे प्रामाणिकपणे वेगळे मत असलेल्या देशभक्ताला, जागाच नव्हती. ज्या इंग्लंडकडून या मंडळींनी संसदीय परंपरा घेतली, तेथेही ‘महाराजांचा विरोधी पक्ष’ हा शब्दप्रयोग सभागृहात प्रथम ऐकू आला तो १८२६ साली. निष्ठावान विरोधक ही कल्पनाच अद्याप जन्मायची होती.

१७९८चे चार कायदे

वॉशिंग्टनने १७९६ साली निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या संदेशात त्याने पक्षभावनेच्या घातक परिणामांविषयी सावध केले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फेडरलिस्ट जॉन ॲडम्सला ७१ मते पडली आणि जेफरसनला ६८. नियमानुसार ॲडम्स अध्यक्ष झाला आणि त्याचा प्रतिस्पर्धी उपाध्यक्ष. संविधानकर्त्यांच्या सद्भावनेने एकाच घरात दोन वैऱ्यांना बसविले.

फ्रान्सशी संबंध बिघडत गेले. अमेरिकेच्या दूतांशी बोलणी सुरू करण्यापूर्वी फ्रेंच मंत्र्याच्या मध्यस्थांनी लाच मागितल्याचे १७९८ साली उघड झाले आणि देश संतापाने पेटला. समुद्रावर अघोषित युद्ध सुरू झाले. या वातावरणात फेडरलिस्ट बहुमताच्या काँग्रेसने जून आणि जुलै महिन्यांत चार कायदे संमत केले. नागरिकत्वासाठी पाच वर्षांच्या निवासाची अट होती, ती चौदा वर्षांची झाली. कारण नवे स्थलांतरित, विशेषतः आयरिश, रिपब्लिकनांना मते देत. दोन कायद्यांनी परकीयांना हद्दपार करण्याचे वा अटकेत ठेवण्याचे अधिकार अध्यक्षाला दिले. चौथा कायदा राजद्रोहाचा. सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहे किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लेखन करणाऱ्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कारावास.

या कायद्यातील दोन तपशील बोलके आहेत. संरक्षण मिळणाऱ्यांच्या यादीत अध्यक्ष होता, उपाध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष होता जेफरसन. त्याच्यावर हवी तेवढी चिखलफेक करण्यास मुभा होती. दुसरा तपशील मुदतीचा. कायदा ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे ॲडम्सच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, आपोआप संपणार होता. सत्ता गेलीच, तर हे शस्त्र विरोधकांच्या हाती लागू नये, याची काळजी करणाऱ्यांनी आधीच घेतली होती. आपला कायदा विरोधकाच्या हाती गेला तर काय होईल, याची ज्याला धास्ती वाटते, त्याला तो कायदा अन्याय्य असल्याचे मनोमन ठाऊक असते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या कायद्याने आरोपीला आपले विधान सत्य असल्याचे सिद्ध करण्याची संधी दिली होती. जुन्या इंग्रजी कायद्यात तीही नव्हती. पण ‘अध्यक्षाला डामडौलाचा सोस आहे’ हे मत आहे. ते साक्षीपुराव्याने सिद्ध कसे करणार?

महाराष्ट्राला राजद्रोह हा शब्द लोकमान्य टिळकांमुळे ठाऊक आहे. १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली त्यांना या आरोपाखाली शिक्षा झाली. परंतु तेथे राजसत्ता होती आणि ती परकी होती. अमेरिकेत राजाच नव्हता. जेथे जनताच सार्वभौम आहे, तेथे जनतेच्या नोकरावर जनतेने टीका केली तर द्रोह कोणाचा होतो? १७९८ साली हा प्रश्न प्रथमच इतक्या नेमकेपणाने उभा राहिला.

तुरुंगातून निवडून आलेला प्रतिनिधी

या कायद्याचा एक बळी होता व्हरमाँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य लहान वयात प्रवासखर्चाच्या बदल्यात वेठीची चाकरी पत्करून अमेरिकेत आला होता. तो काही संत नव्हता. १७९८च्या आरंभी भर सभागृहात तो एका फेडरलिस्ट सदस्यावर थुंकला. पुढे त्या सदस्याने काठीने आणि लायनने शेगडीच्या चिमट्याने केलेली मारामारी व्यंगचित्रांचा विषय झाली. अशा माणसाविषयी सहानुभूती वाटणे कठीण. पण कायद्याची परीक्षा सज्जनांच्या खटल्यात होत नाही. अप्रिय माणसाच्या खटल्यात होते.

अध्यक्षाच्या डामडौलावर आणि खुशमस्करीच्या आवडीवर टीका करणारे लायनचे पत्र छापले गेले. ते त्याने कायदा होण्यापूर्वीच लिहिले होते. ऑक्टोबर १७९८मध्ये त्याला चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत तो कोठडीत असताना निवडणूक आली. मतदारांनी त्याला तुरुंगातूनच निवडून दिले. दंडाची रक्कम समर्थकांनी गोळा केली.

फिलाडेल्फियाचा तरुण संपादक बेंजामिन फ्रँकलिन बाश हा थोर बेंजामिन फ्रँकलिनचा नातू. कायदा संमत होण्याचीही वाट न पाहता त्याला जूनमध्ये अटक झाली, आणि सुनावणीपूर्वीच सप्टेंबरमध्ये तो पीतज्वराने मरण पावला. त्याचे पत्र मात्र बंद पडले नाही. सहकाऱ्याने ते चालू ठेवले. खटले वाढत गेले तशी रिपब्लिकन वृत्तपत्रांची संख्या घटण्याऐवजी वाढली.

विरोधकांची उलटी चूक

दडपशाहीला उत्तर देताना जेफरसन आणि मॅडिसन यांनी जो मार्ग घेतला, तोही निर्दोष नव्हता. दोघांनी नाव गुप्त ठेवून केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहून दिले. केंद्राने अधिकार ओलांडले तर राज्यांना आडवे येण्याचा अधिकार आहे, असा त्यांचा आशय. केंटकीच्या १७९९च्या ठरावात तर केंद्राचा कायदा राज्याने शून्यवत ठरविण्याची भाषा आली. उपाध्यक्षपदावर असलेला मनुष्य गुप्तपणे हे लिहीत होता!

अन्य राज्यांनी पाठिंबा दिला नाही आणि प्रकरण तेथेच थांबले. पण बीज राहिले. १८१४-१५च्या हिवाळ्यात, सत्ता गमावलेल्या न्यू इंग्लंडमधील फेडरलिस्टांनी हार्टफर्ड येथे परिषद भरवून राज्यांच्या हक्कांची तीच भाषा केली. १८३२ साली दक्षिण कॅरोलिनाने ती उच्चारली, आणि १८६१ साली तिचे पर्यवसान यादवी युद्धात झाले. सत्तेवर असताना ज्याला राष्ट्रीय ऐक्य आठवते आणि सत्ता गेल्यावर प्रांताचा हक्क, त्याची निष्ठा दोहोंपैकी कशावरच नसते. हा दोष कोणा एका पक्षाचा नव्हता.

दारोदारची निवडणूक

खरे उत्तर आले ते मतपेटीतून आणि संघटनेतून. १८०० सालची निवडणूक न्यूयॉर्क राज्यावर अवलंबून होती. तेथील १२ निर्वाचक राज्याचे विधिमंडळ निवडत असे, आणि विधिमंडळातील बहुमत न्यूयॉर्क शहराच्या १३ जागांवर ठरणार होते. रिपब्लिकनांची धुरा ॲरन बर या महत्त्वाकांक्षी वकिलाकडे होती. त्याच्या चारित्र्याविषयी काहीही म्हटले तरी त्याची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. शहराच्या प्रत्येक वॉर्डातील मतदारांच्या याद्या त्याने तयार केल्या. कोणाचा कल कुठे, कोणाला भेटायला कोणी जावे, हे ठरविले. जर्मन बोलणाऱ्या वस्तीत जर्मन जाणणारे कार्यकर्ते पाठविले. माजी गव्हर्नर आणि नामवंत सेनानी यांची मनधरणी करून त्यांना उमेदवार केले. त्याचे घर कार्यकर्त्यांसाठी रात्रंदिवस उघडे असे. दारोदार मते मागणे हे सभ्य माणसाला शोभत नाही, असे मानणाऱ्या फेडरलिस्टांना हे नवीन होते. मे महिन्याच्या आरंभी निकाल लागला तेव्हा तेराही जागा रिपब्लिकनांकडे गेल्या.

पराभव दिसताच हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहिले. मावळत्या विधिमंडळाचे तातडीचे अधिवेशन बोलवावे, निर्वाचक निवडण्याची पद्धतच बदलावी, आणि जेफरसनला रोखावे, अशी सूचना त्यात होती. जे हा स्वतः फेडरलिस्ट. त्याच्याच तहावरून विरोधकांनी त्याच्या प्रतिमा जाळल्या होत्या. सूड घेण्याची संधी चालून आली होती आणि कायद्याची पळवाटही उपलब्ध होती. त्याने पत्राला उत्तर दिले नाही. पक्षाच्या लाभासाठी सुचविलेला हा उपाय आपल्याला शोभणार नाही, अशा आशयाची एक ओळ पत्रावर लिहून त्याने ते ठेवून दिले.

या काळाच्या इतिहासात मोठमोठी भाषणे आहेत. पण प्रजासत्ताक तगले ते अशा न गाजलेल्या नकारांवर. नियम मोडल्याखेरीज जिंकता येत नसेल तर हरावे, हे एका माणसाने स्वतःशी ठरविले, आणि त्या नकाराने सत्तांतराचा मार्ग मोकळा राहिला.

छत्तीस फेऱ्या

ॲडम्सला ६५ मते पडली आणि तो हरला. स्वतःच्या पक्षातील युद्धखोरांना न जुमानता त्याने फ्रान्सशी समेट केला होता. देशहिताचा हा निर्णय त्याला भोवला. हॅमिल्टनने ऐन निवडणुकीत त्याच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. पण निकाल लागूनही प्रश्न सुटला नाही. रिपब्लिकन निर्वाचकांनी इतक्या शिस्तीने मतदान केले की अध्यक्षपदाचा उमेदवार जेफरसन आणि उपाध्यक्षपदाचा उमेदवार बर या दोघांना सारखीच ७३ मते पडली. आपले पद दुय्यम आहे, हे सांगून बाजूला होण्याचे औदार्य बरने दाखविले नाही.

संविधानाप्रमाणे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. प्रत्येक राज्याला एक मत. १६ राज्ये, जिंकण्यासाठी ९ आवश्यक. आणि हे गृह नवे नव्हते, मावळते होते. त्यात फेडरलिस्ट सदस्य अधिक होते. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी, नव्या अर्धवट बांधलेल्या राजधानीत, बाहेर बर्फ पडत असताना मतदान सुरू झाले. जेफरसन ८, बर ६, दोन राज्यांत बरोबरी. पुन्हा मतदान, तोच निकाल. रात्र उलटली, तरी तोच निकाल. मेरीलँडचा जोसेफ निकोलसन तापाने फणफणत असताना बर्फातून सभागृहाशेजारच्या खोलीत आणला गेला आणि अंथरुणावरून मत देत राहिला. तो नसता तर ते राज्य बरकडे गेले असते. ४ मार्चपर्यंत निवड झाली नाही तर तिसऱ्याच कोणाला अध्यक्ष करण्याची कुजबुज सुरू झाली. तसे झाल्यास मध्यवर्ती राज्ये शस्त्र उचलतील, असे रिपब्लिकनांनी उघड बजावले.

कोंडी फुटण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे हॅमिल्टनची पत्रे. आयुष्यभर ज्याच्याशी वैर केले, त्या जेफरसनलाच निवडा, असे तो आपल्या पक्षाच्या लोकांना लिहीत होता. जेफरसनची तत्त्वे चुकीची असतील, पण त्याला तत्त्वे आहेत. बरला तीही नाहीत, हा त्याचा युक्तिवाद. दुसरे कारण डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयार्ड. संविधान पणाला लावायचे की पक्ष, असा प्रश्न समोर आल्यावर त्याने माघार घेतली. धोरणांविषयी काही आश्वासने मिळाल्याचे त्याने पुढे सांगितले. जेफरसनने ते नाकारले.

१७ फेब्रुवारी, छत्तिसावी फेरी. डेलावेअरचे मत कोरे पडले. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनीही कोरी मते टाकली. व्हरमाँटचा फेडरलिस्ट सदस्य सभागृहात आलाच नाही. त्यामुळे त्या राज्याचे मत देण्यासाठी एकच मनुष्य उरला, मॅथ्यू लायन. राजद्रोहाच्या कायद्याखाली ज्याला कोठडीत टाकले होते, त्याने व्हरमाँटचे मत जेफरसनच्या पारड्यात टाकले. दहा राज्यांच्या मतांनी जेफरसन अध्यक्ष झाला.

सत्ता हाती आल्यावर

४ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास ॲडम्स राजधानी सोडून निघून गेला. शपथविधीला थांबण्याइतके मन मोठे करणे त्याला जमले नाही. पण तो गेला, हेच महत्त्वाचे. सेनापती तोच होता, आणि त्याने सैन्याला हाक मारली नाही. जेफरसन आपल्या मुक्कामाच्या खाणावळीतून पायी सभागृहात गेला. त्याला शपथ दिली ती सरन्यायाधीश जॉन मार्शलने. तो कट्टर फेडरलिस्ट होता आणि जेफरसनचा दूरचा नातेवाईकही. भाषणात जेफरसनने सांगितले की प्रत्येक मतभेद हा तत्त्वभेद नसतो, दोन्ही पक्षांचे लोक मूलतः एकाच तत्त्वाचे उपासक आहेत. आणि जे संघराज्य मोडू इच्छितात त्यांनाही बोलू द्यावे, कारण जेथे विवेकाला प्रतिवाद करण्याची मोकळीक आहे तेथे चुकीचे मत सहन करता येते.

शब्द सुंदर होते. कसोटी कृतीची होती. राजद्रोहाचा कायदा मुदतीप्रमाणे संपला. शिक्षा झालेल्यांना जेफरसनने माफी दिली. नागरिकत्वाची अट १८०२ साली पुन्हा पाच वर्षांवर आली. हॅमिल्टनची बँक मात्र त्याने मोडली नाही. ती १८११ साली सनदेची मुदत संपेपर्यंत चालली. ज्याच्या विरोधात निवडणूक लढविली, ते सर्वच उलथून टाकायचे नसते, हे भान राहिले.

सर्वच सुरळीत झाले असे नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून संघर्ष झाला. त्यातूनच १८०३ सालच्या मारबरी खटल्यात, संविधानाशी विसंगत कायदा रद्दबातल ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार मार्शलने प्रस्थापित केला. राजद्रोहाच्या खटल्यांत पक्षपात केलेल्या न्यायमूर्ती सॅम्युएल चेसवर रिपब्लिकनांनी महाभियोग आणला. सिनेटच्या ३४ सदस्यांपैकी २५ रिपब्लिकन होते आणि २३ मते पुरेशी होती. तरी १८०५ साली चेस सुटला. एकाही आरोपावर १९हून अधिक मते पडली नाहीत. जेफरसनच्याच पक्षातील सहा जणांनी सर्व आरोपांवर निर्दोषत्वाचे मत दिले. न्यायाधीश आवडत नाही म्हणून काढायचा नसतो, हे त्यांनी स्वपक्षाला सांगितले.

उलट, न्यूयॉर्कमधील रिपब्लिकनांनी सत्ता मिळताच हॅरी क्रॉसवेल या फेडरलिस्ट संपादकावर जेफरसनच्या बदनामीचा खटला भरला. १८०४ साली त्याच्या बचावासाठी कोण उभा राहिला? हॅमिल्टन! सत्य आणि सद्हेतू हा संपादकाचा बचाव असला पाहिजे, असे त्याने मांडले. खटला तो जिंकला नाही, पण १८०५ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने त्याच तत्त्वाचा कायदा केला. ते पाहायला हॅमिल्टन जिवंत नव्हता. ११ जुलै १८०४ रोजी, उपाध्यक्षपदावर असलेल्या ॲरन बरने द्वंद्वयुद्धात त्याला गोळी घातली होती. त्याच वर्षी बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मते वेगळी केली. पक्ष नाहीत, हा भ्रम संविधानाने सोडला.

ज्यांना मतच नव्हते

या कथेची एक काळी बाजू लपविता कामा नये. १८०० सालच्या जनगणनेत सुमारे ५३ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ९ लाख माणसे गुलाम होती. त्यांना मत नव्हते. पण राज्यांच्या जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब संविधानातच होता. त्यामुळे दक्षिणेला अधिक निर्वाचक मिळत. जेफरसन आणि ॲडम्स यांच्यातील अंतर अवघ्या आठ मतांचे होते. हा हिशेब नसता तर ॲडम्स पुढे राहिला असता, असा अनेक इतिहासकारांचा निष्कर्ष आहे. ज्या वर्षी मतस्वातंत्र्याचा विजय झाला, त्याच १८०० सालच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाची सिद्धता केली. कट फुटला आणि २६ जण फासावर गेले. विरोधक म्हणजे शत्रू नव्हे, हे दोन्ही पक्ष एकमेकांविषयी शिकले; ज्यांना विरोध करण्याचाही हक्क नव्हता, त्यांच्याविषयी नाही. त्या पापाचे प्रायश्चित्त यादवी युद्धाने झाले आणि १८६५ साली गुलामगिरी संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, ते हे कार्य करणारे होते.

शिकण्यासारखे

ॲडम्स आणि जेफरसन यांच्यात अकरा वर्षे अबोला राहिला. १ जानेवारी १८१२ रोजी, एका समान मित्राच्या प्रयत्नांनंतर, ॲडम्सने पहिले पत्र लिहिले. त्यानंतर चौदा वर्षे पत्रव्यवहार चालला. मते बदलली नाहीत. वाद पत्रांतूनही होत राहिले. पण आता दोघेही एकमेकांना समजावीत होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघांनीही देह ठेवला.

१८०१चा धडा एकदा शिकला म्हणजे कायमचा पाठ झाला, असे मात्र नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचकांच्या मतांची मोजणी रोखण्यासाठी जमाव अमेरिकेच्या संसदभवनात घुसला. मोजणी त्याच रात्री पुढे सुरू होऊन पहाटे पूर्ण झाली. दोनशे वीस वर्षांची परंपराही आपोआप चालत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने पाळावी लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या समारोपाच्या भाषणात जेफरसनचा दाखला दिला होता. मागच्या पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, या विचारासंबंधी. त्याच भाषणात त्यांनी हेही बजावले की संवैधानिक मार्ग खुले असताना असंवैधानिक मार्गांचे समर्थन करता येणार नाही. परिवर्तनाला वाव आणि मार्गाची मर्यादा, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. १८०० साली अमेरिका कशीबशी तरली, ती या दोहोंच्या आधारावर.

राजकीय कार्यकर्ता कोणत्याही देशातला आणि कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या वाट्याला दोन क्षण येतातच. पहिला विजयाचा, हाती कायदा असतो आणि विरोधकाचे तोंड बंद करण्याचा मोह असतो. तेव्हा मॅथ्यू लायनची कोठडी आठवावी. दुसरा पराभवाचा; नियम थोडासा वाकवला तर पराभव टळेल, असे कोणी तरी कानात सांगतो. तेव्हा जॉन जे याने बाजूला ठेवलेले ते पत्र आठवावे. प्रजासत्ताकाचे संविधान ग्रंथालयात सुरक्षित असते. त्याचे रक्षण या दोन क्षणी करावे लागते.